मेडिकल कोडर आहात? आठ दिवस एक वही ठेवा



"सर, माझं काम एआय खाणार का?" परवा हा प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात सहा वर्षं रेडिओलॉजीचं कोडिंग करतायत. घराचा हप्ता चालू आहे, आणि टीममध्ये नवीन भरती बंद झालीय.

गंमत बघा, अमेरिकेतले कोडर हीच भीती आपल्याबद्दल बोलून दाखवायचे. तिथलं काम इथे आलं ते मुख्यतः स्वस्तात होतं म्हणून. त्याहून स्वस्त काही मिळालं की ते इथेही थांबणार नाही.

मग सगळंच जाणार? मला तसं वाटत नाही.

छातीचा दोन बाजूंनी काढलेला एक्स-रे घ्या. कोड ७१०४६. रिपोर्ट चार ओळींचा, साच्यातला. हे मशीनला जमतं. तुमचा पगार फक्त अशा चार्टच्या टार्गेटवर असेल, तर काळजी खरी आहे, उगाच धीर देत नाही.

आता दुसरा चार्ट. डॉक्टरांनी लिहिलंय, "न्यूमोनियाचा संशय". पेशंट ओपीडीचा असेल तर न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही, खोकला-ताप अशा लक्षणांचाच लावायचा. तोच पेशंट ॲडमिट होता आणि डिस्चार्जलाही संशयच लिहिलाय, तर सर्वसाधारणपणे न्यूमोनिया धरूनच कोड करायचा. एवढा नियम मशीनही शिकेल. पण वर संशय लिहिलाय, खाली एक्स-रे स्वच्छ आहे आणि अँटिबायोटिकही बंद केलंय, मग काय धरायचं? डॉक्टरांना नेमका प्रश्न कुणीतरी लिहायलाच लागतो. मॉडिफायर ५९ लावून पाठवलेला क्लेम विमा कंपनीने नाकारला, तर दोन प्रोसिजर खरंच वेगळ्या जागी झाल्या होत्या हे ऑपरेशन नोटमधून दाखवणारं अपीलही कुणीतरी लिहितं. तिथे तुम्ही हवे आहात.

काही जण म्हणतात, २०१५ला आयसीडी-१० आलं तेव्हाही सगळे घाबरले होते. बरोबर, सुमारे १४ हजार कोडचे जवळपास ७० हजार झाले. (बदकाने धडक दिली, यालाही कोड आहे!) पण तेव्हा काम वाढलं होतं. आता हात कमी होतायत. ही तुलना करून निवांत बसू नका.

तर वही. आठ दिवस प्रत्येक चार्टनंतर एक खूण करा: डोकं न लावता झाला, विचार करावा लागला, की कुणाला तरी विचारावं लागलं. दहातले नऊ पहिल्या प्रकारचे निघाले, तर याच महिन्यात टीम लीडकडे डिनायल किंवा ऑडिटचं काम मागा, निदान अर्धा दिवस तरी. ऑडिटची सीपीएमए परीक्षा वेगळी आहे, पण आधी काम हातात घेऊन बघा, फी नंतर भरा. "नोकरीची शंभर टक्के हमी" देणाऱ्या कोर्ससाठी चालू नोकरी तर अजिबात सोडू नका.

आणि हो, वहीत पेशंटचं नाव किंवा नंबर लिहायचा नाही हं. नुसत्या खुणा.