महिन्याला शंभर गाड्या

बगदादच्या दक्षिणेला अल काका नावाचं एक लष्करी संकुल आहे. तिथली सुमारे ३४२ टन जबर शक्तीची स्फोटकं जागेवर नाहीत, असं ऑक्टोबर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं जगाला सांगितलं. १५५ मिलिमीटरच्या एका तोफगोळ्यात जेमतेम सात किलो स्फोटक असतं. म्हणजे बेपत्ता झालेल्या त्या साठ्यात जवळजवळ ४९ हजार तोफगोळ्यांची भरणी होती. आणि हा एका ठिकाणचा हिशेब. सद्दामच्या राजवटीनं इराकभर विखरून ठेवलेला दारूगोळा साडेसहा लाख ते दहा लाख टन असावा, असे अमेरिकेचेच अंदाज होते. अमेरिकेनं ती राजवट उलथल्यावर यातलं जे राखणीविना पडून होतं, ते लोकांनी उचललं, रस्त्याकडेला पुरलं आणि त्याला तारा जोडल्या.

त्या रस्त्यांवरून अमेरिकी सैनिक हमवी गाडीतून फिरत होते. ही गाडी मुळात आघाडीच्या मागे सामान आणि माणसं नेण्यासाठी बनवलेली. तळ सपाट आणि जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. बऱ्याच गाड्यांच्या दारांना कापडाखेरीज काही नसायचं. २००४ संपत आलं तेव्हा इराकच्या मोहिमेवर सुमारे १९ हजार हमवी होत्या आणि त्यातल्या चार हजारांच्या वर गाड्यांना कसलंच चिलखत नव्हतं. एका गाडीत चार माणसं धरली, तर सोळा हजार जीव.

८ डिसेंबर २००४ ला कुवेतमधल्या कॅम्प ब्युरिंगवर संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड आले. समोर सुमारे २,३०० सैनिक होते. टेनेसी नॅशनल गार्डचा थॉमस विल्सन हा स्पेशलिस्ट हुद्द्याचा, म्हणजे अगदी खालच्या फळीतला सैनिक उभा राहिला. आमच्या गाड्यांना लावायला आम्ही कचऱ्याच्या ढिगातून गंजका पत्रा आणि तडकलेल्या काचा का उपसत बसायचं, असं त्यानं विचारलं. जमावानं टाळ्या वाजवून त्याला साथ दिली. हा प्रश्न बेतायला एका पत्रकारानं मदत केली होती, यावरून पुढे बराच गदारोळ झाला. मला त्या गदारोळाचं काही वाटत नाही. टाळ्या पत्रकारानं वाजवल्या नव्हत्या.

रम्सफेल्ड यांच्या उत्तरातलं एक वाक्य जगभर गेलं: हाताशी असेल त्या सैन्यानिशीच युद्धाला जावं लागतं. पण माझ्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा होता तो त्यांचा दुसरा दावा. अडचण पैशाची नाही, इच्छेचीही नाही; उत्पादन जितकं शक्य आहे तितकं चालू आहे, असं ते म्हणाले. ही गोष्ट मोजून तपासता येण्याजोगी होती आणि ती तपासली गेलीही. हमवीला चिलखत चढवणाऱ्या आर्मर होल्डिंग्ज कंपनीला विचारणा झाली. कंपनी महिन्याला ४५० गाड्या देत होती. जादा खर्च न आकारता ५५० देऊ शकतो, असं तिनं सांगितलं. दोन-चार दिवसांतच लष्करानं त्या वाढीव गाड्या मागवल्या.

महिन्याला शंभर म्हणजे वर्षाला बाराशे गाड्या. चार माणसांच्या हिशेबानं ४,८०० सैनिक. ही क्षमता कारखान्यात पडून होती, आणि ती वापरात यायला एका सामान्य सैनिकाला कॅमेऱ्यांसमोर उभं राहावं लागलं. वरिष्ठांवरचा विश्वास उडतो तो इथे. युद्धात टंचाई असते हे सैनिकाला कोणी शिकवावं लागत नाही. पण टंचाई आहे असं सांगितलं जावं आणि प्रत्यक्षात कोणी विचारलेलंच नसावं, हे त्यानं का सोसावं?

शरीरावरच्या चिलखताचीही तीच तऱ्हा. आईवडील आणि बायका पदरच्या पैशानं चिलखती जाकिटं विकत घेऊन इराकला धाडत होत्या. ते इतकं वाढलं की २००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं अशा वस्तूमागे १,१०० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचा कायदा केला. त्या वेळच्या दरानं जवळजवळ ५० हजार रुपये. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्यातला शिपाई आपल्या जिवाच्या खरेदीची पावती सरकारकडे पाठवू शकत होता.

मग आला पुढचा प्रश्न. नुसता पत्रा जाड करून भागेना, कारण स्फोट खालून यायचा. त्यावरचा उपाय जुना होता. होडीसारखा निमुळता तळ असला की स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना फाकतो. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियात १९७० च्या दशकापासून अशा गाड्या बनत होत्या. गडचिरोलीच्या बातम्यांमुळे आपल्याला ओळखीची झालेली भूसुरुंगविरोधी गाडी याच कुळातली. अमेरिकी सैन्यात तिला एमरॅप म्हणतात. फेब्रुवारी २००५ मध्ये इराकमधल्या मरीन अधिकाऱ्यांनी अशा १,१६९ गाड्यांची तातडीची मागणी नोंदवली. त्याऐवजी जाड चिलखताच्या हमवी द्यायचं ठरलं आणि मागणीचा कागद त्याच वर्षी थंडावला. २००५ आणि २००६ या दोन्ही वर्षी इराकमध्ये आठशेहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. त्यांच्या जिवावर उठलेलं सर्वांत मोठं एकच शस्त्र होतं रस्त्याकडेचा बॉम्ब.

डिसेंबर २००६ मध्ये रॉबर्ट गेट्स संरक्षणमंत्री झाले. एमरॅपचं मोल त्यांना कळलं ते एप्रिल २००७ मध्ये, वर्तमानपत्रातून. अशा गाड्यांवर ३०० हून जास्त हल्ले झाले आणि त्यात एकही मरीन दगावला नाही, असं त्या बातमीत होतं. मे महिन्यात त्यांनी ही खरेदी खात्याचं पहिलं काम ठरवली. सगळा कार्यक्रम मिळून सुमारे २७ हजार गाड्या झाल्या, खर्च ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. रुपयांत दीड लाख कोटींहून जास्त. भारताची २००७-०८ ची संपूर्ण संरक्षण तरतूद ९६ हजार कोटींची होती. घाई एवढी की १५-२० टनांची ही धुडं विमानानं नेली.

एमरॅप उलटायच्या, अरुंद रस्त्यांवर अडायच्या. चिलखती हमवीच्या तुलनेत त्यांनी फारसे जास्त जीव वाचवले नाहीत, असा हिशेब पुढे काही अर्थतज्ज्ञांनी मांडला. तो वाद आकड्यांनी लढता येईल, लढावा. पण मागणीच्या कागदाचं काय झालं, हा वेगळा प्रश्न आहे. सुरुंगांचा धोका आणि त्यात टिकणाऱ्या गाड्या, दोन्ही इराक युद्धाआधीच खात्याला ठाऊक होतं, असं पेंटागॉनच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २००८ मध्ये लिहून दिलं. १,१६९ गाड्यांची मागणी कित्येक महिने पडून राहिली. गेट्स यांनी मनावर घेतल्यावर वर्षअखेरीला, सात महिन्यांत, इराकमध्ये १,५०० गाड्या पोचल्या होत्या.