डाव्या कोपऱ्याचा भाव

वाकडहून मुळा नदीचा पूल ओलांडला की बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल येतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये मॅट अंथरली की ते पुणेरी पलटण या कबड्डी संघाचं घर होतं. २९ डिसेंबर २०२४ रोजी याच घरात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची अंतिम लढत झाली, आणि पलटण त्यात नव्हती. हरयाणा स्टीलर्सनी पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून पहिल्यांदा करंडक उचलला. त्यांच्या बचावात उभा होता इराणचा मोहम्मदरेझा शादलू. दहाच महिन्यांपूर्वी तो नारिंगी जर्सीत पलटणचा विजेता होता.

या पट्ट्यातल्या कबड्डीवेड्यांच्या मनात तेव्हापासून एक प्रश्न घर करून आहे: असा खेळाडू सोडलाच का? त्याचं उत्तर मॅटवर सापडत नाही. ते दोन हंगामांच्या मधल्या काळात, कुणाला राखायचं, कुणाला सोडायचं, कर्णधार कोण आणि प्रशिक्षक कोण, हे ठरवताना दिलं जातं. पुणेरी पलटण हा संघ समजून घ्यायचा तर त्या काळातले निर्णय पाहावे लागतात.

लीगचे नियम हे निर्णय अवघड करतात. संघाच्या थैलीत पाच कोटी रुपये, त्यात अठरा ते पंचवीस खेळाडू बसवायचे. राखून ठेवलेल्यांचं मानधनही त्याच थैलीतून वळतं होतं. उरलेल्या रकमेत लिलाव खेळायचा. एका मोठ्या नावावर दोन कोटी गेले की बाकीच्यांसाठी हात आखडतो. यावर एक वाट म्हणजे कोवळी मुलं शोधून, त्यांना स्वतःच्या पदरी ठेवून घडवणं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अप्रेंटिस म्हणून घेतलेला पोरगा दोन वर्षांत मशीन ओळखायला लागतो आणि कायम होतो. दुसऱ्या कंपनीतून तयार कारागीर आणला तर काम लगेच सुरू होतं, पण त्याचा पगारही वेगळा आणि उद्या तो जाणारही.

पलटणला ही वाट उशिरा सापडली. २०१४ च्या पहिल्या हंगामात संघ तळाला राहिला. पुढे नावाजलेल्या खेळाडूंवर पैसा ओतून झाला. २०१८ च्या लिलावात नितीन तोमरसाठी एक कोटी पंधरा लाख मोजले. भारताला विश्वचषक जिंकून देणारा अनुप कुमार निवृत्त होताच २०१९ मध्ये त्याला प्रशिक्षक केलं, तरी त्या वर्षी प्ले-ऑफ हुकलं. तरीही व्यवस्थापनाने पुढच्या हंगामासाठी अनुपलाच ठेवलं, आणि मला तो निर्णय महत्त्वाचा वाटतो. कारण त्या आठव्या हंगामात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी जुनी नावं संघात असताना चढाईचा भार हळूहळू दोन नव्या पोरांवर आला. एक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. नावाला किती मान द्यायचा आणि पायातल्या वेगाला किती, हा पेच प्रत्येक प्रशिक्षकापुढे येतो. तिथे तो वेगाच्या बाजूने सुटला.

२०२२ मध्ये बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून आले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सना त्यांनीच विजेतेपद मिळवून दिलं होतं. सोबत इराणचा फझल अत्राचली आला, एक कोटी अडतीस लाखांना, कर्णधार म्हणून. संघ अंतिम फेरीत गेला आणि मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला. अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते.

उपविजेता संघ सहसा आपली घडी मोडत नाही. पलटणने मोडली. अंतिम फेरी गाठून देणाऱ्या कर्णधाराला सोडलं, कर्णधारपद अस्लमकडे दिलं आणि फझलची जी जागा, डाव्या कोपऱ्याची, तिच्यासाठी त्याच्याच देशाचा तरुण शोधला. लिलाव होता ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत. त्याआधी अवघे दोन दिवस, ७ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम लढतीत भिडले होते. पंचांच्या निर्णयावरून खेळ बराच वेळ थांबला, शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. अस्लम आणि पलटणचाच आकाश शिंदे भारताच्या चमूत, फझल आणि शादलू इराणच्या. ती धग निवलीही नव्हती, तोच पलटणने शादलूवर दोन कोटी पस्तीस लाखांची बोली लावली. पाच कोटींच्या थैलीतला जवळजवळ निम्मा पैसा एका बचावपटूवर!

कोपऱ्यासाठी एवढे पैसे का, हे पाहण्यासारखं आहे. मॅट तेरा बाय दहा मीटरची, चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू बोनस रेषेकडे सरकतो. एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत ठेवायचा, तरच बोनस. त्या क्षणी त्याचा तोल सर्वांत कच्चा असतो, आणि कोपरारक्षकाची नजर त्याच चवड्यावर असते. झेप अर्धा क्षण आधी पडली तर हात रिकामा आणि गुण समोरच्याचा. उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषेकडे पसार. घोटा हाती लागला की मधले आणि शेजारचे गडी तुटून पडतात, पण आधी कुणीतरी एकाने हिंमत करावी लागते. शादलू ती हिंमत वारंवार करायचा. वाट न पाहता स्वतःच पुढे घुसायचा, गरज पडली तर चढाईलाही जायचा. त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवून तो सर्वोत्तम बचावपटू ठरला.

पण दहावा हंगाम एकट्या शादलूने जिंकला, असं मी म्हणणार नाही. सर्वोत्तम चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक होता, पलटणचा कुणी नव्हता. रमेश यांनी चढायांचा भार अस्लम, मोहित, आकाश आणि पंकज मोहिते यांच्यात वाटला होता. एकाला अडवलं की दुसरा यायचा. बावीस साखळी सामन्यांत सतरा विजय, फक्त दोन पराभव, ९६ गुण. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरयाणाला २८-२५ ने हरवून पहिला करंडक आला. त्या सामन्यात पंकजने एकाच चढाईत चार गडी टिपले. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात निवड करायची वेळ आली. अस्लम, मोहित, पंकज, आकाश ही घडवलेली चौकडी ठेवायची आणि शादलूही ठेवायचा, तर थैली पुरणार नव्हती. पलटणने चौकडी ठेवली. हरयाणाने शादलूला दोन कोटी सात लाखांना नेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: अस्लमच्या गुडघ्याने दगा दिला, तो हंगामाच्या मध्यातच बाहेर गेला, संघ आठव्या क्रमांकावर घसरला आणि बालेवाडीत दुसऱ्यांचाच जल्लोष झाला. निकालावरून निर्णय चुकला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या चौघांवर तीन वर्षं मेहनत घेतली, त्यांना एका परदेशी खेळाडूसाठी सोडलं असतं तर युवा पलटण या संघाच्या तरुण तुकडीत घाम गाळणाऱ्या पोरांनी कशाच्या आशेवर राहायचं?

२०२५ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला. रमेश बेंगळुरू बुल्सकडे गेले आणि त्यांच्या जागी आला पद्मश्री अजय ठाकूर, २०१६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला नायक. लिलावात शादलू पुन्हा महागला. गुजरात जायंट्सने त्याच्यावर दोन कोटी तेवीस लाख लावले. पलटणने त्याच्या मागे न धावता सचिन तंवरला एक कोटीच्या थोडं वर घेतलं. कर्णधारपद दुखापतीतून उठलेल्या अस्लमकडेच ठेवलं. गुडघ्याच्या दुखापतीनंतर चढाईपटूवर असा भरवसा ठेवणं धोक्याचं असतं, कारण वळताना शरीराचा सगळा भार त्याच सांध्यावर येतो. संघाने तो धोका पत्करला.

बाराव्या हंगामाचे सामने पुण्याला मिळाले नाहीत. ज्या लीगच्या संस्थापकांत आनंद महिंद्रा आहेत आणि ज्यांच्या मोटारी चाकणमध्ये बनतात, तिथल्या कामगाराला आपला संघ टीव्हीवरच पाहावा लागला, ही गोष्ट मला खुपते. संघ मात्र साखळीत अव्वल राहिला. दिल्लीविरुद्धची क्वालिफायर बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये गमावली, तेव्हा पुढच्या क्वालिफायरमध्ये तेलुगू टायटन्सविरुद्ध आदित्य शिंदेने २२ गुण घेऊन संघाला पुन्हा अंतिम फेरीत नेलं. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असं हरवलं. दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता. पलटणकडून सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत पुन्हा आदित्यच होता, आणि आता कुणाला राखायचं या यादीत त्याचं नाव अस्लमच्या शेजारी लिहावं लागेल.