पळणाऱ्यांचं शास्त्र – भाग ७ : ग्राउंडच्या आधीचे तीन आठवडे

पहाटे साडेपाचला भिंगारच्या बाजूने नगरबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. पाथर्डी, कर्जत, जामखेड, आष्टीकडची; भरतीच्या ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तयारी करणारी. चौघांत एक खोली करून राहायचं, एकाच्या हातात घड्याळ, बाकीचे त्याच्या मागे. रोज सोळाशे मीटर, रोज जीव तोडून, रोज टायमिंग. गेल्या आठवड्यात त्यांतला एकजण पुलाच्या कठड्यावर बसून नडगीवर अंगठा दाबत होता. ठरावीक जागी दाबला की तोंड वाकडं व्हायचं.

"ग्राउंड कधी आहे?" मी विचारलं.

"सतरा दिवसांनी."

"मग आज आराम का नाही?"

"आत्ता थांबलो तर दम तुटंल ना, सर."

आजचा भाग या एका वाक्यासाठी आहे. कारण दम असा तुटत नाही, आणि हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. नगरहून कड्याच्या रस्त्यानं आष्टी तालुक्यात शिरलं की मांडवा लागतं. जिल्हा बीड, पण बाजारहाट नगरचा. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा अविनाश साबळे याच गावचा. शाळा सहा किलोमीटर लांब, म्हणून लहानपणीच पायांना चालण्या-पळण्याची सवय झाली. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असं करत २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस-कंट्रीत उतरला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं: तीन हजार मीटर, वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

म्हणजे सुरुवात आपल्या पोरांसारखीच. पुढे फरक पडला तो सरावाच्या शिस्तीनं, आणि या शिस्तीचा मोठा भाग म्हणजे स्वतःला आवरणं.

लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंचं शिबिर बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. सकाळी मुख्य सराव, मग न्याहारी, मालिश, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा हलकं पळणं. आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या पुढे पाय चालतात, पण त्यातलं बहुतेक पळणं सावकाश असतं. नॉर्वेत काम करणारे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी अशा खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सराव सोप्या गतीचा निघाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली अविनाशची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, म्हणजे किलोमीटरला पावणेतीन मिनिटंही नाहीत. या तोडीचे खेळाडू सोप्या दिवशी किलोमीटरला चार मिनिटं किंवा त्याहून जास्त घेतात. त्या गतीत शेजाऱ्याशी बोलता येतं. बोलता येईना, तर ते सोपं पळणं नव्हेच.

सावकाश पळण्यानं स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढते. हे काम आठवड्यांत आणि महिन्यांत होतं. रोज छाती फुटेपर्यंत पळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ना धड जोरात पळता येतं, ना धड सावकाश.

शिबिरं उंचावर का घेतात, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपलं नगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर. अविनाश नंतर प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे अमेरिकेत ज्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला सराव करायला गेला, ते शहर कळसूबाईच्या माथ्याहूनही सुमारे दोनशे मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा वीसेक टक्क्यांनी कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. मूत्रपिंडांना ही उणीव जाणवते, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात आणि तीन-चार आठवड्यांत तांबड्या पेशी वाढू लागतात. अट एकच, शरीरात लोह हवं. ते नसेल तर डोंगरावर राहूनही काही हाती लागत नाही. म्हणून पोरांनो, बाजरीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन लगेच वर चहा पिऊ नका. चहा लोह शोषू देत नाही.

आता शेवटच्या तीन आठवड्यांकडे येऊ. जुलै २०२२. यूजीनच्या जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत संथ गेली आणि अविनाश ८ मिनिटं ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. तीन आठवडेही उलटले नव्हते तोच ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तोच माणूस, तेच पाय, आणि वेळ वीस सेकंदांनी सरस. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. ती साखळी तुटली. अविनाशला रौप्य मिळालं, सुवर्ण जेमतेम ०.०५ सेकंदानं हुकलं.

या थोड्या दिवसांत त्यानं नवा दम कमावला का? नाही. एवढ्या काळात तो कमावता येतच नाही. संथ शर्यत आणि वेगवान शर्यत यांचा फरक त्यात होताच, पण वेगवान शर्यत झेलायला आधी कमावलेला दम थकव्याखालून मोकळा असावा लागतो. थकवा दिवसांत उतरतो, दम आठवड्यांनी ओसरतो. सगळी युक्ती या दोन वेगांच्या फरकात आहे. लोरां बोस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सर्वांत फायदा दिसला तो असा: शेवटचे दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करायचं, जोर मात्र तसाच ठेवायचा. म्हणजे झोपून राहायचं नाही. पळायचं, पण निम्मंच. आठवड्यातून दोनदा चारशेचे मोजके वेगवान लॅप मारायचे, प्रत्येकानंतर दम खायचा आणि अजून दोन मारता येतील असं वाटत असतानाच थांबायचं.

हे थांबणं फार जड जातं, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या घरचं सगळं एका भरतीवर टांगलेलं असतं, त्याला विश्रांती हा गुन्हा वाटतो. शेजारच्या खोलीतली पोरं पळत असताना अंथरुणात पडून राहायला धाडस लागतं. पण ग्राउंडच्या आदल्या दिवशी पुरं सोळाशे मीटर लावून पाहणारा मुलगा आपलं टायमिंग रिकाम्या रस्त्यावर खर्चून येतो, आणि ते तिथे कुणी लिहून घेत नाही.

कठड्यावरच्या त्या मुलाला मी डॉक्टरकडे जायला सांगितलं. तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी तयारी करत असेल तर त्याची नडगी तुम्हीच दाबून पाहा. दुखणं पसरलेलं असेल तर तीन-चार दिवसांचा आराम द्या, आणि तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. बोटाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या आठवड्यात पाण्यावरच्या उडीबद्दल.