कोबाल्टविना बॅटरी

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत भूमी फोडण्याचे कर्मही येते. दुकानात शिशाच्या जागी लिथियमची बॅटरी येताना मात्र हमीची वर्षे विचारली जातात, आतले रसायन नव्हे.

१९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सिद्ध केला. १९९१ मध्ये सोनीने तशी बॅटरी बाजारात आणली. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून येते, आणि तेथील हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात. १९९७ मध्ये टेक्सास येथे गुडइनफ व अक्षय पाढी यांनी लोह फॉस्फेटचा धनाग्र मांडला. त्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. त्याच्या स्फटिकात प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तापल्यावरही तो सहजी सुटत नाही, म्हणून आगीचे भय घटते. तेवढ्याच विजेला वजन मात्र अधिक लागते. मोबाइलला ते जड होईल. भिंतीशी उभ्या इन्व्हर्टरला त्याचे काय!

लिथियम, लोह, फॉस्फेट यांसाठीही भूमी खोदावीच लागते. हिंसा टळत नाही, अल्प होते. बॅटरीवर ‘एलएफपी’ अशी अक्षरे असल्यास आत कोबाल्ट नाही, असे समजावे.