बोटांना शाडू, कानाला फोन

सकाळी सहा

एसटीच्या रायगड विभागाची कचेरी पेणला आमच्या रामवाडीतच, त्यामुळे आमच्याकडे कोंबड्याआधी लाल गाडी ओरडते. आषाढ लागला की गाडीच्याही आधी फोन. इथे सहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात, तिकडची मंडळी जेवणं उरकून निवांत बसलेली असतात. आज व्हिडिओवर एक ताई होत्या, रडकुंडीला आलेल्या. आमच्याकडून चैत्रात निघालेला पंधरा इंची गणपती बोटीने नीट पोचला, पण खोका उघडताना मूषकाचा कान त्यांच्या हातात आला.

"खंडित मूर्ती पुजावी का हो?"

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहा खाली ठेवला. "प्रतिष्ठा व्हायचीय ना अजून? मग आत्ता ती माती आहे. खोक्यात शाडूची पुडी दिलीय, ती चमचाभर पाण्यात भिजवा. कणकेइतकी घट्ट नको, श्रीखंडासारखी. आता लावा कान. दाबू नका, नुसता टेकवा."

बारा हजार किलोमीटरांवरून वीस मिनिटांत कान बसला. पूर्वी अशा वेळी पत्र यायचं, तेही विसर्जन झाल्यावर.

साडेआठ

कारागीर येतात. हमरापूरची दोन पोरं, जोह्याच्या तिघी. पेण शहरात देवधरांसारख्या जुन्या घराण्यांनी ही कला रुजवली आणि मग ती हमरापूर, जोहे, कळवे अशी गावोगाव पसरली. आता तिकडे कच्च्या मूर्ती होतात, त्या आणून रंगवणारे कारखाने इकडे. आम्ही दोन्ही करतो, पण थोडं थोडं.

आता दुपारपर्यंत कुणाचंही बोट मोकळं नसतं. शाडूने भरलेलं बोट फोनची काच ओळखत नाही आणि बोट धुवायला उठावं तर हातातला हत्तीचा कान सुकतो. म्हणून आमच्याकडचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिळ्याला टांगलेला. वाजला की जवळ असेल तो कोपराने उचलतो. हमरापूरचा धाकटा तर नाकाने उचलतो, त्याचं नाक पडद्याला बरोब्बर कळतं. बाबांची गोष्ट आणखी वेगळी. पन्नास वर्षं माती चोळून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. रेशनच्या यंत्रावर अंगठा चार-चारदा ठेवावा लागतो. देवाचे हात घडवणाऱ्या माणसाला यंत्र म्हणतं, हा तू नव्हेस.

तेव्हा लिहिण्याचं तंत्र आमच्या कारखान्यात कधी रुजलंच नाही. रुजलं ते बोलण्याचं. गिऱ्हाईक चार ओळी टाइप करून पाठवतं, आमच्याकडून उत्तर जातं आवाजाचं, मागे पॉलिश पेपरची खरखर आणि कुणाचं तरी "वहिनी, पाणी!" यासकट.

मी रोह्याहून लग्न होऊन आले तेव्हा घरात फोन नव्हता, नाक्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. पुढे यांनी मोबाईल घेतला, पण तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. ते २००३ साली बंद झालं. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं आमचा धंदा मिस्ड कॉलवर चालला. मुंबईला टेम्पो निघाला की ड्रायव्हर खारपाड्याच्या पुलावर एक रिंग देई, पनवेलला दोन. तिसरी रिंग आली तर समजायचं, काहीतरी फुटलं. एक पैसा न घालवता मालाची खबर घरपोच. आज टेम्पो नकाशावर निळ्या ठिपक्यासारखा सरकताना दिसतो. ते बघत बसण्यात जो वेळ जातो, तो मिस्ड कॉलात जात नव्हता.

अकरा

ठाण्याच्या काकूंचा फोन, आवाज चढलेला. "आम्ही डाव्या सोंडेचा सांगितला होता. तुम्ही उजव्या सोंडेचा केलात? आमच्याकडे एवढं कडक सोवळं कोण पाळणार?"

मी मूर्तीसमोर जाऊन उभी राहिले. सोंड सरळ डावीकडे, मोदकाकडे. मग फोटो पाहिला. त्यात उजवीकडे! घाम फुटला. आपण दुसऱ्याचाच गणपती तर दाखवला नाही?

झालं होतं असं, की जोह्याच्या पोरीने कौतुकाने मूर्तीबरोबर स्वतःचा फोटो काढला आणि तोच पाठवून दिला. पुढच्या बाजूचा कॅमेरा आरशासारखा उलटं दाखवतो. काही फोन तो फोटो तसाच उलटा साठवतात. हे मला माहीत नव्हतं, काकूंना तर नव्हतंच. त्यांना पटवायचं कसं? बाबा आतून ओरडले, "त्यांना म्हणावं, हात बघा! बाप्पा आशीर्वाद डाव्या हाताने देतो का?"

फोटोत खरंच आशीर्वादाचा हात डावा झाला होता आणि मोदक उजव्या हातात गेला होता. काकू दोन क्षण गप्प. मग हसल्या. आजपासून नियम, मूर्तीचा फोटो मागच्याच कॅमेऱ्याने, आणि फोटोत माणूस नको.

एक

जेवायच्या सुट्टीत हात धुतले जातात, म्हणून साचलेले मेसेज याच वेळी वाचले जातात. कारखानदारांच्या गटावर दिवसाला दोनशे. पीओपीबाबत कोर्टात तारीख लागली की पाचशे. २०२५च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला परवानगीशिवाय मनाई ठेवली. त्या दुपारी गटावर "बंदी उठली" आणि "बंदी कायम" हे दोन्ही निरोप एकाच मिनिटाला आले होते, दोन्हींखाली हात जोडलेले. ज्याने पहिला वाचला त्याने पीओपीची पोती मागवली, दुसरा वाचणारा रात्रभर झोपला नाही. आम्ही शाडूवाले म्हणून सुटलो. गटाचा एक मात्र खरा फायदा झाला. गुजरातेतून शाडूची गाडी निघाली की चार कारखाने मिळून भाडं वाटून घेतो.

तीन

कल्याणच्या एका तरुणाने चित्र पाठवलंय, "अस्संच हवं." चित्र यंत्राने काढलेलं. काय ते तेज, काय ते ढग! बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. "याला दोन्ही दात अख्खे आहेत. एकदंत कुठला हा? आणि या हाताला बोटं सहा."

मुलाने उत्तर दिलं, "मग पाच करा ना."

पाच करू. पण चित्रातला देव हवेत तरंगतोय, त्याला बूड नाही. मातीला बूड लागतं, वजन लागतं, सोंडेला छातीचा नाहीतर हाताचा आधार लागतो, नाहीतर ती वाळताना तडकते. हे सगळं मी आवाजात बोलून पाठवलं, सव्वादोन मिनिटं. उत्तराला अंगठा आला. याचा अर्थ ऑर्डर पक्की की रद्द, मला अजून कळलेलं नाही.

आमच्या चिरंजीवांनी २०१८मध्ये व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं नवं ॲप आल्याबरोबर त्यात आमचा कॅटलॉग मांडायची तयारी केली होती. किंमत, इंच, क्रमांक, सगळं झक्क. पुढे तो मांडला आणि महिन्यात गुंडाळला. साच्यातून एकसारखे निघाले तरी हाताने रंगवलेले दोन गणपती सारखे होत नाहीत. एका फोटोवर अकरा जणांनी बोट ठेवलं आणि दहा जण "फोटोतला नाही हा" म्हणून रुसले. शेवटी जुनी लाल वहीच खरी ठरली. गिऱ्हाइकाने आपला पाट आणून द्यायचा, पाटाखाली खडूने आडनाव आणि गाव, तेच वहीत.

साडेचार

पाऊस आडवा आला, वीज गेली. पंखे बंद. ओली शाडू म्हणजे तान्हं बाळ, वारा थांबला की रडते. पोरांनी कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. फोनची रेघ एकावर. वीज तासाभरात आली, पण असं झालं की घरात सगळ्यांना ३ जून २०२० आठवतो. निसर्ग वादळाने पत्रे नेले, खांब पाडले आणि फोन मुके केले. टाळेबंदीत सगळं बुकिंग फोनवर सरकलं होतं आणि त्या फोनचाच जीव गेलेला. त्यातून सरकारने त्या साली घरगुती मूर्ती दोन फुटांवर आणि मंडळांची चार फुटांवर आणली. उंच मूर्तींचं काय करायचं, हे गिऱ्हाइकांना कळवायला मार्गच नव्हता. बाबांनी वही उघडली आणि हे मोटरसायकलवर घरोघर गेले.

सहा

पुढच्या खोलीत गिऱ्हाईक. आता पैसे बहुतेक यूपीआयने येतात, इसारसुद्धा. पहिली काही वर्षं लोक पडदा दाखवायचे, "गेले बघा." एकदा गणपती गेला, पैसे आलेच नाहीत. पडद्यावरचा हिरवा टिळा खोटा होता. तेव्हापासून बोलका डबा ठेवलाय. "पाचशे रुपये प्राप्त झाले" असं तो मागच्या खोलीपर्यंत ओरडतो. हात शाडूत असले तरी कान मोकळे असतात. आमच्या कारखान्यात सगळ्यात चटकन कुणाला नोकरी लागली असेल तर या डब्याला. बाबा त्याला भालदार म्हणतात.

रात्री नऊ

आखणी. डोळे काढायचं काम बाबा रात्रीच करतात. या वेळी फोन आणि डबा दोन्ही बंद. एकदा बुबुळाचा ठिपका टेकवताना डबा ओरडला होता, पाचशे रुपयांपायी दोन हजारांची मूर्ती पुन्हा पांढरी करावी लागली. बाबा श्वास रोखतात, ब्रश टेकतो, उचलतो. दुसऱ्या डोळ्याला तेवढाच वेळ.

मी फोटो काढून पाहिला होता, हजार वेळा. नजर फोटोत येत नाही. मूर्ती बघणाऱ्याकडे बघते ती समोर उभं राहिल्यावर.

म्हणून पाट नागपंचमीच्या आत आणून द्या. स्वतः या. फोटो हवाच असेल तर नंतर पाठवू, मागच्या कॅमेऱ्याने.