आफ्रिकेला निघण्याआधी झाशीला या

आमच्या झाशीत मराठी पाहुणे आले की किल्ला, राणीसाहेबांचं लग्न लागलं ते गणेश मंदिर आणि संध्याकाळी ओरछा, असा बेत ठरलेला असे. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो: "इथून चित्ते किती लांब?" 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते विमानाने ग्वाल्हेरला उतरले आणि तिथून हेलिकॉप्टरने कुनोच्या जंगलात गेले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. झाशीहून शिवपुरी आणि शिवपुरीहून पोहरीच्या रस्त्याने श्योपूरकडे, अशा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आता अस्सल आफ्रिकी जनावर नांदतं आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात पुढची मोठी सहल म्हणून केनिया किंवा टांझानिया असतं. ठाण्याची माझी भाची त्यातलीच. तिने फोनवर विचारलं, "आत्या, सहा दिवसांत चार पार्क होतील ना?" तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आफ्रिकेचा बेत आखताना पहिला प्रश्न देशाचा नसतो, महिन्याचा असतो. आपल्याकडे मुलांना सुट्टी मे महिन्यात. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. गवत कमरेएवढं वाढतं, रस्ते चिखलात बसतात, काही कॅम्प बंदच असतात. दर उतरलेले दिसतात ते याच कारणाने. मे महिनाच सोयीचा असेल तर नकाशात खाली सरका. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा कोरडा हिवाळा सुरू होत असतो. क्रुगरच्या जंगलात झुडपं विरळ होऊ लागतात, पाणी आटतं आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. जून ते सप्टेंबर हा तिथला सर्वांत चांगला काळ. नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टांचे लोंढे बघायचे असतील तर केनियातल्या मसाईमारात जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्या गणपतीच्या आगेमागे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कळप बहुधा दक्षिणेकडे परतू लागलेले असतात आणि नोव्हेंबरात छोटा पाऊस येतो. हे कळप फेब्रुवारीच्या सुमाराला टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला, नदुतूच्या गवताळ मैदानात वितात. नदीवरच्या गर्दीपेक्षा हा काळ मला जास्त मोलाचा वाटतो. दिवसाला हजारो वासरं जन्मतात आणि त्यांच्यामागे सिंह, तरस, चित्ते सगळे येतात. शाळकरी मुलं नसलेल्या जोडप्यांनी फेब्रुवारीच निवडावा.

ऋतूचं महत्त्व कुनोतल्या चित्त्यांनी फार जड किंमत देऊन दाखवलं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून ते ऑगस्ट थंडी असते. त्यांच्या शरीराने तोच हिशेब धरला आणि 2023 च्या आपल्या पावसाळ्यात अंगावर हिवाळ्याची दाट लव वाढवली. दमट हवेत रेडिओ कॉलरखालची कातडी सडली, जखमांत किडे पडले आणि काही चित्ते दगावले. त्यानंतर सगळ्यांना पकडून, तपासून, औषधं देऊन पुन्हा सोडावं लागलं. त्या दिवसांत इकडची हिंदी वर्तमानपत्रं उघडताना धास्ती वाटायची. त्यातूनही तग धरला तो मुखीने. मार्च 2023 मध्ये कुनोतच जन्मलेल्या चार बछड्यांपैकी ती एकटी जगली.

आता इथे येऊन काय साधायचं? लाखो रुपये खर्च करण्याआधी आपल्याला जंगलात नेमकं काय आवडतं ते कळतं. त्यासाठी मी कुनोच्याही आधी पन्ना सुचवते. पंजाब मेलने झाशीला उतरा आणि खजुराहोच्या रस्त्याने मडला गेट गाठा. परमिट मध्य प्रदेश वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच काढा, गेटवर मूळ ओळखपत्र लागतं आणि बुधवारी दुपारी जंगल बंद असतं हे लक्षात ठेवा. 2009 मध्ये पन्नात एकही वाघ उरला नव्हता. कान्हा-बांधवगडहून वाघिणी आणल्या, पेंचहून नर आणला. तो नर पन्ना सोडून आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालत निघाला, तेव्हा वनखात्याच्या माणसांनी हत्तींसह माग काढून त्याला परत आणलं. 2010 मध्ये पहिले बछडे झाले आणि आज तिथे वाघांच्या नव्या पिढ्या नांदत आहेत. ही गोष्ट गाईडच्या तोंडून, त्याच जंगलात जिप्सीत बसून ऐकावी.

दोन दिवस सकाळ-दुपार अशा फेऱ्या केल्या की घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव उघड होतो. पहाटे पाचला कोण खुशीने उठतं, धूळ आणि धक्के कोणाच्या पाठीला सोसत नाहीत, चितळाचा इशारा ऐकून अर्धा तास गप्प बसणं कोणाला जमतं आणि वाघ दिसला नाही म्हणून कोण रुसतं. मसाईमारात हेच सगळं दिवसभर असतं. फरक एवढाच की तिथे एका प्रौढ परदेशी पाहुण्याला राखीव क्षेत्रात शिरण्यासाठीच दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात, तेही बारा तासांपुरते. नवरा-बायको दोघांचे मोसमात 400 डॉलर रोजचे. एजंटाच्या आकड्यात हे धरले आहेत की नाहीत, ते लेखी विचारा. गाडी फक्त तुमच्यासाठी की आणखी पाहुण्यांबरोबर, प्रत्येकाला खिडकी आहे की नाही, छप्पर उघडतं का, हेही लेखी घ्या. गाडीवर मी पैसे वाचवू देणार नाही. खोली साधी चालेल, पण दिवसाचे दहा तास गाडीत जातात.

म्हणूनच भाचीच्या चार पार्कांना मी नाही म्हटलं. नैरोबीहून नारोकमार्गे मारा गाठायला पाच-सहा तास लागतात, पुढे नाकुरू, मग अंबोसेली, म्हणजे सहल महामार्गावरच संपते. सहा दिवस असतील तर दोन जागा पुरे आणि एका जागी निदान तीन रात्री. पहिल्या दिवशी डोळ्यांना गवतातलं जनावर दिसायलाच वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी तीच सिंहीण पुन्हा भेटते, ओळखू येते, आणि तिचं काय चाललं आहे ते कळायला लागतं. जमल्यास एक मुक्काम माराला लागून असलेल्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत करा. या जमिनी मसाई कुटुंबांच्या, त्यांना त्याचं भाडं मिळतं. तिथे गाड्या थोड्या, रात्रीची फेरी आणि पायी चालणंही होतं. मुख्य मारात या दोन्हींना परवानगी नाही.

कुनो आणि मारा यांची तुलना करताना एक समजून घ्यायला हवं. मारात चित्ता वारुळावर चढून उघड्या मैदानात टेहळणी करतो, दिवसा शिकार करतो, म्हणून दिसतो. कुनो म्हणजे 748 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, करधई, खैर, सलईचं कोरडं वन आणि मधेमधे कुरणं. ही कुरणं बरीचशी जुन्या गावांची शेतं आहेत. गीरचे सिंह येणार म्हणून इथली चोवीस गावं, बहुतांश सहरिया आदिवासींची, बाहेर हलवली गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगूनही सिंह आले नाहीत, आले ते चित्ते. त्या घरांच्या चौथऱ्यांजवळून जिप्सी जाते तेव्हा तिथे कोण राहत होतं हे गाईडला जरूर विचारा. चित्ता दिसेलच असं समजून मात्र येऊ नका. पर्यटकांसाठी उघडा भाग मर्यादित आहे आणि जनावरं मोकळी फिरतात. शिवपुरीत एक रात्र काढून माधव राष्ट्रीय उद्यान जोडून घ्या. 2025 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं आहे. तिथल्या सांख्य सागर तलावात मगरी आहेत, शहरात शिंद्यांच्या छत्र्या आहेत आणि तात्या टोपेंना फाशी दिलं तेही हेच गाव.

कागदपत्रांत पिवळ्या तापाच्या लशीला पहिला मान. केनिया किंवा युगांडाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण ते दहाव्या दिवसापासून लागू होतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि असं केंद्र प्रत्येक शहरात नसतं, म्हणून तिकिटं काढली की लगेच तारीख घ्या. साठीपुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेच. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात. लहान मुलं किंवा वृद्ध बरोबर असतील आणि मलेरियाची धास्ती वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं पिलान्सबर्ग बघा, तो भाग मलेरियामुक्त आहे. केनियासाठी इलेक्ट्रॉनिक परवानगी आणि टांझानियासाठी ई-व्हिसा थेट सरकारी संकेतस्थळावरूनच काढा.

सामान कमी न्या. छोट्या विमानाने मारात जाणार असाल तर मऊ पिशवीत साधारण 15 किलोच चालतं, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. आपल्या घरांत चिवडा, लाडू, चपला सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची सवय. केनियाने 2017 मध्ये आणि टांझानियाने 2019 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, तेव्हा कापडी थैल्या शिवून घ्या. स्वेटर हवाच. टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या कड्यावर, दोन हजार मीटरहून उंच जागी, आपल्या जानेवारीसारखी पहाट असते. गडद निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात. आपल्या जंगलांत अनेक जण लष्करी छापाचे कपडे घालतात. झिम्बाब्वे, झांबिया, युगांडात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. एक आठ बाय बेचाळीसची दुर्बीण मात्र प्रत्येकाची स्वतःची असू द्या. एकीत तिघं डोकावू लागले की वाद होतात आणि जनावर निघून जातं.

बायकांसाठी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण सहलीच्या माहितीपत्रकात ती कधीच नसते. गाडीतून उतरायला मिळणार नाही म्हणून अनेक जणी पाणी पिणंच सोडतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. असं करू नका. ड्रायव्हरला स्पष्ट सांगा, तो सुरक्षित उघडी जागा बघून गाडी थांबवतो, रोजचीच गोष्ट आहे ती. रात्री कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये तंबूबाहेर एकट्याने पडू नका, सोबतीला पहारेकरी मागवा. तंबूत खाण्याचं काही ठेवू नका, माकडं आणि तरस दोघांनाही वास लागतो.

मध्य प्रदेशातली जंगलं 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद असतात आणि 1 ऑक्टोबरला गेटं उघडतात. झाशीत मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च धरावा. पन्ना आणि कुनो मिळून पाच दिवस काढा, मग केनियाची तिकिटं बघा.