घराणे, जनुक आणि जठराचा कर्करोग

वाशीमकडील एखाद्या कुटुंबात दोन पिढ्यांत दोघांना जठराचा कर्करोग झाला, तर 'हा रोग त्यांच्या घरातच आहे' असे सहज म्हटले जाईल. या वाक्यातील 'घर' हा शब्द वंश आणि वास्तू असे दोन्ही अर्थ एकदमच पत्करतो. प्रस्तुत रोगाच्या बाबतीत मात्र या दोहोंची फारकत करणे अगत्याचे आहे.

प्रथम वंशाचा विचार करू. १९९८ साली, म्हणजे अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून सीडीएच-१ या जनुकातील दोष उजेडात आला. या जनुकापासून होणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन जठराच्या अस्तरातील पेशींना परस्परांशी जखडून ठेवते. ते निकामी झाले म्हणजे पेशी सुट्या होतात आणि गाठ न धरता अस्तरात विखुरतात. त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीतही रोग प्रारंभी हुलकावणी देतो. हा दोष अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. अशी घराणी अर्थात विरळाच.

वास्तूकडून येणारा वारसा याहून कितीतरी व्यापक आहे. वॉरेन व मार्शल यांना २००५ चे नोबेल पारितोषिक ज्याच्या शोधाबद्दल मिळाले, तो हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा बालपणी, घरच्याच माणसांकडून पोटात शिरतो व उपचार न झाल्यास दशकानुदशके तेथे राहतो. आईचे जनुक आणि आईकडील जंतू ही दोन्ही मुलाकडे येतात; वंशवृक्षावर मात्र दोहोंची खूण एकच दिसते.

हे दोन वारसे एकत्र आले म्हणजे काय होते, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनाने दाखविले. जंतूची बाधा असलेल्यांत ८५ वर्षे वयापर्यंत हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे १४ टक्के आढळला. बाधेच्या जोडीला बीआरसीए-२ सारख्या, डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत दोष असेल तर तो सुमारे ४५ टक्के. ही केवळ बेरीज नव्हे. उलटपक्षी, भारतात ही बाधा सर्रास असूनही महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण कमी, तर मिझोराममध्ये फार मोठे आहे. तेव्हा जंतूच्या जाती, तंबाखू आणि आहार यांनाही हिशेबात धरावे लागते.

जनुक बदलता येत नाही. सीडीएच-१ च्या दोषात जठरच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. जंतू मात्र श्वासाच्या वा शौचाच्या तपासणीने ओळखता येतो आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुधा नाहीसा होतो.